विजेची मोजणी

पूनम त्या दुपारी निघाली ती अगदी साध्या कामाला. विजेपासून बचाव कसा करावा, याची पोस्टरं गावोगाव चिकटवायची. तालुक्याच्या कचेरीतली ती नवी बाई, म्हणून एप्रिलच्या उन्हात फिरायचं काम साहजिकच तिच्या गळ्यात पडलं. स्कूटीच्या पुढ्यात खळीचा डबा आणि पोस्टरांची गुंडाळी ठेवून ती कर्नाटकच्या सीमेलगतच्या मैंदर्गीच्या रस्त्याला लागली.

पोस्टरावरची शेवटची ओळ तिनेच हट्टाने टाकायला लावली होती : ‘पायाळू माणसावर वीज पडते, ही अंधश्रद्धा आहे.’ जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. पूनम स्वतः पायाळू होती. ते तिला ठाऊक होतं आणि तिच्या आईला. “मरेपर्यंत कुणाला सांगू नकोस,” आईने बजावलं होतं, “वळवात लोक उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत.” म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान, अशातलीच गत!

अर्ध्या वाटेत फोन कर्कश वाजला. विजांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर तिच्याभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं. मान वर केली तर पश्चिमेकडून आभाळ काळंकुट्ट होऊन अंगावर येत होतं. माळावर एकच पक्कं बांधकाम होतं, बंद पडलेल्या शाळेची स्लॅबची खोली. तिने स्कूटी तिकडे वळवली.

आत एक म्हातारा धनगर, बिरप्पा, आणि त्याची बायको ईरम्मा बसली होती. मेंढरं व्हरांड्यात दाटीवाटीने उभी होती. पलीकडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक तरणी बाई पदर नाकापर्यंत ओढून बसलेली. सून असेल, पूनमला वाटलं. खोलीत ओल्या लोकरीचा वास होता आणि त्यात काहीतरी करपल्याचा.

लखकन चमकलं.

“घाबरू नका,” पूनम सवयीने म्हणाली. “चमकलं की मोजायचं. जितक्या लवकर गडगडेल, तितकी वीज जवळ. एक... दोन... तीन...”

“ओंदु... एरडु... मूरु...” कोपऱ्यातून हलकेच कानडीत साथ आली. सीमेवरची पोर दिसते, पूनमने मनात म्हटलं. तिला बरंच वाटलं. नऊला गडगडलं. पुढच्या खेपेला पाचालाच.

बिरप्पा तिच्याकडे रोखून बघत होता. “म्याडम... येक इचारू? तुमी पायाळू न्हाय न्हवं?”

आता पोस्टर उलगडून दाखवायचं सोडून पूनमने दाराकडे पाहिलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दार जेमतेम चार पावलांवर होतं.

“नाही,” ती म्हणाली.

“मग कोन हाय? ईज उगंच घिरट्या घालत न्हाय हितं...”

ईरम्मा खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. कोपऱ्यातली बाई उठली आणि कुणाकडे न बघता दाराबाहेर गेली. थांब, म्हणायला एक शब्द पुरला असता. पूनमच्या तोंडून तो निघाला नाही. आपल्याऐवजी ती जातेय, हे कळूनही निघाला नाही.

डोळे दिपले आणि कानठळ्या बसल्या, दोन्ही एकाच क्षणी. समोरचा लिंब उभा चिरला.

“तुमची सून!” पूनम किंचाळली. “अहो, तुमची सून बाहेर आहे!”

बिरप्पा तिच्याकडे बघतच राहिला. “कुटली सून, म्याडम? हितं आपुन तिगंच हाव.” मान हलवत तो मेंढरं बघायला व्हरांड्यात गेला.

ईरम्मा सरकत जवळ आली. “तुमाला बी दिसली...? सात वर्सं झाली. ह्यांनी हितंच आसंच इचारलं हुतं. पायाळू मी हाय, बाई. मी गप ऱ्हायले. माज्या सुनंला, मायाक्काला ठावं हुतं... मीच हाय म्हनली आन् उठून ग्येली लिंबाकडं.” तिने डोळ्याला पदर लावला. “जो दडवतो, त्यालाच ती दिसती. ह्यांना न्हाय दिसत. तुमी काय दडवलंय, बाई?”

“काही नाही,” पूनम म्हणाली. दुसऱ्यांदा.

मग तिला त्या खोलीत बसवेना. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हे तिच्याच पोस्टरावर होतं. तिने दहा मिनिटंही काढली नाहीत. पाऊस थांबला होता. चिरलेल्या लिंबाकडे न बघता तिने स्कूटी रस्त्यावर घातली.

दोन्ही बाजूंना उघडा माळ, ना झाड ना घर. खिशात फोन पुन्हा कर्कश वाजला आणि लगेच समोरचं आभाळ लखलखलं. भीतीने का सवयीने कोण जाणे, पूनम मोजू लागली.

“एक... दोन...”

स्कूटीची मागची बाजू अलगद दबली. करपल्याचा वास आला.

“मूरु,” तिच्या कानाशी कुणीतरी म्हणालं.