क्लचवाली शेवटची गाडी

यार्डात दोन पांढऱ्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या आणि मी नेमकी चुकीच्या गाडीत जाऊन बसले. मांडीवर लॅपटॉप, दातांत धरलेली वायर... तेवढ्यात ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला,

"तुमची गाडी पलीकडची. हिला अजून क्लच आहे."

मी वायर तोंडातून काढली. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि हसू दाबायचा फारसा प्रयत्न न करणारे डोळे. कारखान्याचा जुना टेस्ट ड्रायव्हर. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी तिथे नवीन इंजिनिअर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला वळण लावणं हे माझं काम. स्टिअरिंगच्या मागे दोन छोटी पॅडल्स, बोटाने ओढलं की गिअर बदलतो. क्लचच नाही.

"मग डाव्या पायाने करायचं काय?" त्याने विचारलं.

"आराम."

"सवय नाही हो त्याला."

आठवड्याभरात साहेबांनीच आम्हाला एका गाडीत बसवलं. माझी पॅडलवाली गाडी गिअर बदलताना मानेला हिसका द्यायची, आणि उस्तादने बदललेला गिअर शेजारच्याला कळायचाही नाही. त्याने क्लचवाल्या गाडीत फेऱ्या मारायच्या, मी त्याच्या हातापायांची वेळ नोंदवायची आणि तीच माझ्या गिअरबॉक्सला शिकवायची, असं ठरलं.

महिनाभर मी त्याचा डावा हात बघत होते. कामच होतं ते... निदान सुरुवातीला. निसरड्या रस्त्याच्या चाचणीसाठी ट्रॅकवर फवारे सोडत. काचांवरून पाणी ओघळायचं, बाहेरचं काही दिसेनासं व्हायचं.

"आत्ता का बदलला?"

"गाडी म्हणाली म्हणून."

"हे मी लिहू कसं?"

"लिहू नका. हात ठेवा इथे."

त्याने माझा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला, वर आपला ठेवला. दांडा थरथरला, हलकेच पुढे सरकला.

"कळलं?"

"नाही," मी खोटंच म्हणाले. "परत दाखवा."

त्या आठवड्यातच कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कोण चुकलं, यावरून आम्ही बरेच दिवस भांडलो.

मग एका दुपारी मीटिंगमध्ये ठरलं. नवीन मॉडेल फक्त पॅडलचं. क्लचवाली गाडी बंद, आणि तिच्या ड्रायव्हरांच्या जागाही. "नोटीस लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही," साहेब म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी कँटीनमध्ये उस्ताद माझ्यासमोर येऊन बसला. डोंगराकडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलने त्याला मुख्य शिक्षक म्हणून बोलावलं होतं. ट्रक शिकवायचे, घाटरस्त्यांवर. त्याची ताईही तिकडेच राहायची.

"उद्यापर्यंत कळवायचंय," तो म्हणाला. "तू मीटिंगांना असतेस... इथलं क्लचचं काम चालेल ना अजून?"

तोंड उघडून 'नाही' म्हणायचं होतं, बस. पण तो गेला तर सकाळी यार्डात कोणाची वाट बघायची, एवढंच माझ्या मनात आलं.

"चालेल की," मी म्हणाले. "थांब ना."

"कामासाठी?"

"माझ्यासाठी."

"हे आधी म्हणायचंस," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

पुढचे सात आठवडे फार सुखाचे गेले. तेच आता आठवलं की जीव कासावीस होतो.

नोटीस लागली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली आणि साहेबांना गाठलं. मी शेजारीच होते. साहेब सहज म्हणाले, "मॅडमना तर केव्हाचं माहीत आहे." त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

डोंगराकडची जागा तोवर भरली होती. तो ताईच्या नवऱ्याच्या गॅरेजमध्ये जायला निघाला. शेवटच्या दिवशी मी गेटपाशी त्याला अडवलं.

"तू जाशील म्हणून घाबरले रे. म्हणून नाही सांगितलं."

"माहीत आहे मला." त्याने खांद्यावरची बॅग सावरली. "तू खरं सांगितलं असतंस ना, तरी मी थांबलोच असतो. पण ते मी ठरवलं असतं."

मी विचारलं, "फोन करू?"

"कर."

मी केला. दोनदा वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा, महिन्याभराने, त्याने उचलला. मागे कोणीतरी हातोडीने पत्रा ठोकत होतं. मनात घोळवून ठेवलेलं माफीचं एकही वाक्य मला आठवेना.

"बोला," तो अगदी मायेने म्हणाला. "कशा आहात तुम्ही?"