बोअरवरचे तीन ठोके

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्यावर बेतली ते महिपती गुरुजी बारामतीत राहतात. आयुष्यभर विज्ञान शिकवलं. भुतांवर त्यांचा विश्वास नाही.

अजूनही नाही. तीच तर पंचाईत.

गेल्या वर्षीचा मे महिना. निरवांगी गाव. भर दुपारचे बारा.

दादासो शेतकऱ्याच्या कोरड्या बोअरमध्ये एका संस्थेचं काम चाललं होतं. जमीन खोलात किती गरम आहे ते मोजायचं, गुरुजींनी वहीत लिहायचं. चांगली तापलेली निघाली, तर आणखी खोल जाऊन पाणी सोडायचं, त्याची वाफ वर आणायची, वाफेनं चाक फिरवायचं, की झाली वीज.

"म्हंजी धरणीमायनं आधण ठेवायचं आन आमी मोटार चालवायची!" दादासो हसायचा.

तार तोच सोडायचा. टोकाला थर्मामीटर, वर आकडा दाखवणारी पेटी. दर पन्नास मीटरला, आकडा स्थिर होईस्तोवर, अर्धा तास थांबायचं. वेळ भरली की दादासो दगडानं पाइपावर तीन ठोके द्यायचा.

"लिवा, गुर्जी."

एप्रिलात दादासो झोपेतच गेला.

गुरुजी एकटे पडले. ऊन मी म्हणत होतं. मग ते न मोजता, बाभळीखाली बसूनच मनानं आकडे लिहू लागले. पन्नास मीटर खाली, दीड अंश वर. तार पेटाऱ्यात. पेटी बंद.

त्या दुपारी शेवटचा आकडा लिहिला. चौतीस.

आणि...

टक्. टक्. टक्.

शिवारात चिटपाखरू नव्हतं.

गुरुजी उठले. तार... बोअरमध्ये सोडलेली होती.

पेटी चालू. आकडा साडेएकतीस.

पाइपावर दगड होता. त्यांनी उचलला. मे महिन्यातल्या उन्हात तो... गार होता. आडातून काढल्यासारखा.

गुरुजींनी तो ठेवून दिला. वहीतलं चौतीसही तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे साहेब आले. वही चाळून खूश झाले. "एक खाडाखोड नाही! जागा आशादायक आहे."

दादासोची बायको सारजा चहा घेऊन आली. "मालक म्हणायचं, अर्धा तास भरल्याबिगर गुर्जी आकडा लिवत न्हाईत."

गुरुजींनी कप खाली ठेवला.

टक्. टक्. टक्.

सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं.

खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती.

"पाइप तापून प्रसरण पावतो," गुरुजी म्हणाले. "सातवीचा धडा."

साहेबांनी मान डोलावली. सारजा मात्र पाइपाकडं बघत राहिली. मग गुरुजींकडं.

आता बारामतीत, रोज बाराला, मोरीतल्या नळाच्या पाइपावर तीन ठोके पडतात. बायको म्हणते, प्लंबर बोलवा.

गुरुजी बोलवत नाहीत. पेन काढतात. वही तर साहेबांनी नेली. मग दाराआड जाऊन तळहातावर लिहितात, साडेएकतीस.

ठोके थांबतात.

उद्या बारापर्यंत.