अंब्रोज गिरणीवाल्याची शिक्षा

शेगडीजवळ सरका सगळे. बर्फ पडतोय, आता आपल्याकडे कोणी यायचं नाही.

जंगलातून जाणारा तो डांबरी रस्ता, ज्याच्यावरून तुम्ही मोटारसायकली दामटता, त्याच रस्त्यावरची ही हकिगत. क्लेमेन्सकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. तुमच्यापैकी कोणी त्यांना पाहिलेलं नाही. माणूस कमी बोलायचा, आणि रचून सांगायची तर त्यांना अक्कलच नव्हती. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं. जसं ऐकलं तसं सांगतो.

सतरा फेब्रुवारी एकोणीसशे चव्वेचाळीस, गुरुवार. उपासाचे दिवस लागण्याआधीचा शेवटचा गुरुवार. त्या दिवशी आपल्याकडे घरोघरी गोड वडे तळतात. जर्मनांच्या राज्यात साखर नव्हती, तरी बायका बीटाचा पाक घालून काहीतरी तळतच होत्या. संध्याकाळी क्लेमेन्सने घोडी जुंपली आणि बर्फावरून घसरणारी स्लेजगाडी घेऊन पीठ आणायला गिरणीवर निघाला. गावाने पाहिलं ते एवढंच. गाडीत शेजारी तेओदोर बसला होता. त्याच्या कोटाखाली पिस्तूल होतं, हे गावाला दिसलं नाही.

दोघंही भूमिगतांमधले. क्लेमेन्स गाडीवान, म्हणून माणसं, औषधं, बंदुका, जे असेल ते गवताखाली घालून पोचवायचा. तेओदोर तुकडीतला सगळ्यात धीट समजला जायचा. जानेवारीत त्यांची दोन पोरं पकडली गेली होती. जर्मनांनी त्यांना बाजारपेठेत, दिव्याच्या खांबाला टांगलं आणि आठवडाभर उतरवू दिलं नाही. कावळे यायचे. आया खाली उभ्या राहून काठ्यांनी कावळे हाकायच्या. कोणीतरी आतलं फितूर झालं होतं, हे उघड होतं. तेओदोर म्हणाला, अंब्रोज गिरणीवाल्याला मी जर्मन पोलिसांच्या चौकीतून बाहेर पडताना डोळ्यांनी पाहिलं. तुकडीचा प्रमुख म्हणजे आपले शाळामास्तर. त्यांनी वर कळवलं. वरून शिक्षा आली. मरणाची.

"तू फक्त गाडी हाक आणि त्याचे हात बांध," तेओदोर म्हणाला. "बाकी मी बघतो."

"अंब्रोजकाकांनी मला पोहायला शिकवलंय रे."

"मग तोंड तिकडे कर."

गिरणीच्या तळ्यावर जाड बर्फ जमला होता. गिरणीचं पाणचाक थांबलेलं. अंब्रोजची बायको वारून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे म्हातारा स्वतःच चुलीपुढे बसून वडे तळत होता. अर्धे जळाले होते.

"या, या! वासावर आलात की पिठासाठी?" तो हसला. "क्लेमेन्स, पोरा, एक खाऊन बघ. दात पडला तर मला बोल लावू नकोस. तेओदोर, तू उभा का? तुझ्या बुडाला काय उवा लागल्यात?"

तेओदोरने खिशातून कागद काढला. "अंब्रोज लेश्चिन्स्की, प्रजासत्ताकाच्या नावाने..."

म्हातारा उठला. हातातली झाऱ्याची दांडी तशीच. त्याला आधी थट्टाच वाटली असावी. मग क्लेमेन्सचा चेहरा त्याने पाहिला.

"पोरा, हे काय आहे?"

क्लेमेन्सला हुकूम होता, हात बांधायचे. त्याने बांधले. पिठाने पांढरे झालेले ते जाड हात त्याने मागे घेतले आणि दोरीची गाठ मारली. म्हातारा जोर करत नव्हता. फक्त मान वळवून तेओदोरकडे बघत होता. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं.

"तेओदोर," तो म्हणाला, "त्या दिवशी चौकीच्या मागच्या दाराने तूच तर—"

गोळी तोंडात लागली. कागद अर्धाही वाचून झाला नव्हता.

म्हातारा लगेच मेला नाही. गुडघ्यावर आला, चुलीला धडकला, उकळती चरबी जमिनीवर सांडली. दुसरी गोळी मानेत. तरी पाय हलत होते. तिसरी गोळी तेओदोरने कानाला नळी टेकवून मारली. क्लेमेन्सच्या अंगावर शिंतोडे उडाले. तो रडू लागला.

"रड नंतर," तेओदोर म्हणाला. "पाय धर."

जमीन दगडासारखी गोठलेली. खणणं शक्य नव्हतं. पाणी काढायला तळ्याच्या बर्फात म्हाताऱ्यानेच एक भोक पाडून ठेवलं होतं. त्यातून त्यांनी त्याला खाली ढकललं. खांदे अडकले. तेओदोरने बुटाने दाबलं, पुन्हा दाबलं. मग पाण्याने गिळलं आणि वर फक्त काळं वर्तुळ उरलं.

तुकडी त्या रात्री जंगल-रखवालदाराच्या झोपडीत जमणार होती. काम झालं की तिथे जाऊन मास्तरांना सांगायचं, असं ठरलेलं. माझे वडील विन्सेंटीही तिथेच होते. पण गाडी जंगलात शिरली तसा तेओदोर म्हणाला, "झोपडीकडे नको. गावाकडून घे."

"का? मास्तर वाट बघतील."

"सांगतो ते कर. सकाळी बघू."

क्लेमेन्सला ते खटकलं. पण त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्याच्या कानात म्हाताऱ्याचं ते अर्धवट वाक्य घोळत होतं. तूच तर... तूच तर काय?

जिथे रस्ता फुटतो, एक फाटा गावाकडे आणि एक झोपडीकडे, तिथे घोडी थांबली.

क्लेमेन्सने लगाम झटकला. जिभेने चुचकारलं. घोडी हलेना. तिचे कान मागे वळलेले. अंग थरथरत होतं आणि थंडीतही तिला फेस आला होता.

"चाबूक मार तिला."

"थांब जरा."

मागून पावलं येत होती.

बर्फ करकरत होता. सावकाश. दमलेला माणूस चालतो तसं. क्लेमेन्सने वळून पाहिलं. चांदणं होतं, रस्ता लांबपर्यंत पांढरा दिसत होता. रस्त्यावर कोणी नव्हतं. पावलं मात्र जवळ येत होती.

गाडीच्या मागच्या टोकाला येऊन थांबली.

गाडी मागून दबली. कोणी चढून बसावं तशी.

"कोण आहे?" तेओदोर ओरडला.

क्लेमेन्सला आवाज ऐकू आला. त्याने मला शपथ घेऊन सांगितलं. ओळखीचा, घरचा आवाज. रागावलेला नाही.

"क्लेमेन्स, पोरा... पीठ घ्यायचं विसरलास."

एवढंच. क्लेमेन्सला एवढंच ऐकू आलं. त्यापुढचं बोलणं त्याच्यासाठी नव्हतं. पण तेओदोरला ऐकू येत होतं. तेओदोर मागे वळून त्या रिकाम्या जागेकडे बघत होता आणि त्याचा जबडा हलत होता.

"नाही," तो म्हणाला.

...

"नाही! मी त्यांची नावं नाही दिली. एकच दिलं. दुसरा तिथे सापडला, त्यात माझा काय दोष?"

...

"माझी नखं काढत होते ते! तू असतास तर काय केलं असतंस? सांग ना, म्हाताऱ्या!"

क्लेमेन्सची नजर तेओदोरच्या हातांकडे गेली. तेओदोरने हातमोजे कधी काढलेले त्याने पाहिले नव्हते. महिनाभर. जेवतानाही नाही.

...

"पहाटे," तेओदोर म्हणाला. आता तो रडत होता. "पहाटे वेढतील. झोपडी. सगळे तिथे असतील म्हणून सांगितलं मी. हं. हो. मास्तर पण."

मग तो थांबला. सावकाश वळला. आपण एकटे नाही, हे त्याला तेव्हा आठवलं असावं.

"ऐकलंस तू."

"तेओदोर, माझा भाऊ आहे तिथे."

"ऐकायला नको होतंस."

पिस्तुलाची मूठ क्लेमेन्सच्या कपाळावर बसली. तो गाडीतून खाली पडला. डोळ्यांत रक्त. तेओदोर त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला आणि नळी त्याच्या दातांवर आपटली. दोन दात तुटले. क्लेमेन्सने डोळे मिटले. म्हाताऱ्याला जिथे लागली तिथेच आता...

गोळी सुटली नाही.

छातीवरचा भार गेला.

उचलून घेतल्यासारखा गेला.

क्लेमेन्सने डोळे उघडले नाहीत. तो घोडीच्या पायांत सरपटत गेला आणि तिच्या पुढच्या पायाला मिठी मारून पडून राहिला. मागे तेओदोर किंचाळला. एक गोळी. आणखी एक. झाडांवरचा बर्फ खाली पडला.

मग पाण्याचा आवाज.

त्या रस्त्यावर पाणी नाही. ओढा नाही, डबकं नाही. तेव्हा पायाखाली नुसती वाळू, वर पाइनची झाडं. आणि त्या रात्री तर थुंकी खाली पडेपर्यंत गोठत होती. पण पाण्याचाच आवाज होता. गळ्यात शिरणाऱ्या पाण्याचा. कोणाचं तरी डोकं खाली दाबलं जातंय. वर येतंय. पुन्हा दाबलं जातंय. पाय आपटताहेत. आपटताहेत...

आपटायचे थांबले.

बराच वेळ काहीच नाही.

मग घोडीने सुस्कारा टाकला. क्लेमेन्स उठला. तेओदोर रस्त्याच्या मधोमध उताणा पडला होता. कोट, केस, भुवया, सगळं बर्फाचं. तोंड उघडं आणि त्यात काठोकाठ पाणी, वरून गोठत चाललेलं. आजूबाजूचा बर्फ कोरडा होता. क्लेमेन्सने त्याला हात लावला नाही. तसाच गाडीवर चढला आणि त्याने घोडी झोपडीच्या फाट्याला सोडली. तिला चाबूक लागला नाही. ती पळतच सुटली.

झोपडीचं दार सताड उघडं. आत कोणी नाही. टेबलावर अर्धी खाल्लेली भाकरी, चूल धगधगत असलेली. क्लेमेन्स उंबऱ्यावरच थांबला. त्याला वाटलं, उशीर झाला. पोरांना नेलं. विन्सेंटीलाही नेलं.

तेवढ्यात झाडीतून शीळ आली.

ते होते. सगळे. गाठोडी, बंदुका पाठीवर बांधून निघायच्या तयारीत. विन्सेंटीने त्याला धरलं, रक्त पुसलं.

"गाढवा, तोंड कोणी फोडलं तुझं?"

"पहाटे... जर्मन... पळा..."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर बाहेर पडलो. निरोप पोचला."

"कोणाचा निरोप?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याला सोडून दिलंत ना? मला वाटलं, तेओदोरचा हात चालला नाही. खरं सांगू, मला बरं वाटलं."

"कोणाला सोडून दिलं, मास्तर?"

"अंब्रोजला. खिडकीवर थाप मारली त्याने. आवाज ओळखला आम्ही सगळ्यांनी. म्हणाला, पहाटे येताहेत, पोरांना घेऊन निघा. मी दार उघडलं तर गेलेला होता."

क्लेमेन्सने आपले हात पाहिले. दोरीचे वळ बोटांवर अजून होते. त्याने सांगितलं. पहिल्यापासून. झाऱ्यासकट, बुटाने दाबलेल्या खांद्यांसकट. वरून आलेल्या त्या शिक्षेच्या कागदावर मास्तरांचीही सही होती. मास्तर बर्फात गुडघे टेकून बसले, आणि दोघातिघांनी उचलल्याशिवाय त्यांना उठता आलं नाही.

पहाटे जर्मन आले. झोपडी रिकामी पाहून चवताळले. रखवालदाराचा म्हातारा कुत्रा मागे राहिला होता, त्याला दाराला खिळे ठोकून मारलं, मग रॉकेल ओतून झोपडी पेटवून दिली. सगळी तुकडी वाचली होती, दलदलीपलीकडच्या रानात पोचली होती. म्हणून माझे वडील जगले. म्हणून मी तुमच्यापुढे बसलोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लेमेन्स आणि मास्तर तिथे परत गेले. कुत्र्याची हाडं गोळा करायला, असं मास्तर म्हणाले. झोपडीची राख झाली होती. ओंडके जळून गेलेले, चूल कोसळलेली, लोखंडी पलंग वाकून पडलेला. राखेत पाय ठेवला तर बुटाचा तळ पोळत होता.

एक खिडकी तेवढी उभी होती. भिंत नव्हती. नुसती चौकट, कोळसा झालेली, आणि तिच्यात काच. तडासुद्धा गेला नव्हता.

काचेवर हिमाचा एक तळवा उमटला होता. पाचही बोटं. जाड, म्हाताऱ्या माणसाची.

चौकट अजून धुमसत होती... आणि तो तळवा वितळत नव्हता.