पिठाच्या डब्यातली चेन

"ही चेन करवतीच्या या पट्टीवर कधी फिरलेलीच नाही," मिस्त्रीण म्हणाली.

समोरच्या बाईच्या हातातला पेला लवंडला. पाणी टेबलभर पसरलं, तरी तिला भान नव्हतं.

पंप असो की करवत, जे काही धडधडतं ते दुरुस्त करणारी आसपास ही एकटीच, म्हणून सगळे तिला मिस्त्रीणच म्हणत. बसायला तिच्याकडे एक ओंडका होता. बाईच्या डावखुऱ्या दिराने, डावऱ्याने, स्वतः कापून दिलेला. तो कायम डुगडुगायचा. भेटीला काय नावं ठेवायची, म्हणून तिने त्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवला होता.

बाई घेऊन आली होती तिच्या नवऱ्याची जुनी चेनसॉ. सात वर्षांपूर्वी तो रानात पडलेल्या झाडाखाली मेलेला सापडला, तेव्हा शेजारी हीच होती. नंतर ती खुंटीला टांगली, ती टांगलीच.

"चालू करून द्या," बाई म्हणाली होती. "संध्याकाळी वारा सुटला की रानातून मला हिचा आवाज येतो. एकदा खरा आवाज ऐकला, की तो भास आहे एवढं तरी कळेल."

करवतीवरचं नाव केव्हाच पुसलं होतं. मिस्त्रिणीने मुठीखालचं ग्रीस खरवडून ओतीव आकडा वाचला.

"हे जुनं मॉडेल. हिची पट्टी अरुंद खाचेची. चेनच्या पोटाकडचे दात या खाचेत उतरायला हवेत. हे बघा, जाड आहेत. चेन नुसती वरच्या वर ताणून ठेवलीय. चालू केली असती तर तेव्हाच निसटली असती."

बाईने पिशवी जवळ ओढली.

"म्हणजे त्यांनी ती कुणाची तरी मागून आणली असणार. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे कसं?"

बाईने पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली. आत दुसरी चेन होती.

"त्या सकाळी सोसाट्याचा वारा होता. जाऊ नका म्हटलं, ऐकेनात. मी रागाने चेन काढून पिठाच्या डब्यात लपवली. करवत तशीच कोठीत टाकून ते तणतणत निघून गेले. मागाहून येऊन त्यांनी ती नेली असणार, कारण संध्याकाळी ती त्यांच्या शेजारी सापडली, या परक्या चेनसकट. भलती चेन घालून ते झाड कापायला गेले आणि जीव गमावून बसले. मीच मारलं त्यांना. हे मी कुणाला सांगणार होते?"

मिस्त्रिणीने पुरचुंडीतली चेन पट्टीवर धरली. ती अलगद खाचेत बसली. मग तिने परकी चेन उजेडाकडे नेली. एका बाजूचे कापणारे दात लांब, दुसऱ्या बाजूचे कानशीने झिजवून निम्मे केलेले.

"अशी करवत सरळ कापत नाही. एका अंगाला ओढते."

हे बोलताना ती ओंडक्यावर जराशी हलली. ओंडका डुगडुगला. ती उठली आणि ओंडक्याच्या वाकड्या कापाकडे बघत राहिली.

दुपारी दोघी रानात गेल्या. शेवाळ धरलेला बुंधा अजून तिथेच होता. त्याचा काप एका अंगाला वाकत गेलेला. बाईला तिथे उभं राहवेना.

परत आल्यावर मिस्त्रिणीने डावऱ्याला बोलावून घेतलं.

"तुझा दादा गेला, त्या दिवशी तू कुठे होतास?"

"घरी. लांबून दादाच्या करवतीचा आवाज ऐकला."

"याच करवतीचा?"

"हीच की. बराच वेळ चालू होती."

मिस्त्रिणीने टेबलावर पुरचुंडी सोडली.

"हिची चेन ही. त्या दिवशी ती पिठाच्या डब्यात होती. वर चढवलेली चेन तर खाचेतच जात नाही. मग तू ऐकलंस काय?"

डावऱ्याने वहिनीकडे पाहिलं. ती नजर हटवेना.

"मी सांगते," मिस्त्रीण म्हणाली. "झाड तू कापत होतास. दादा रिकाम्या हाताने तुझ्या मदतीला आला. धार लावताना तुझा हात एकाच बाजूला जोर देतो. हा ओंडका वाकडा, तो बुंधाही तसाच. करवत ओढली गेली, झाड भलतीकडे गेलं. दादाने स्वतःच पाडलं असं दिसावं म्हणून तू कोठीतून त्याची करवत नेलीस. तिला चेन नव्हती, म्हणून घाईघाईत स्वतःच्या करवतीची चढवलीस."

"अपघात होता वहिनी, शप्पथ!"

"करवत न्यायला आलात तेव्हा मी स्वयंपाकघरात होते," बाई हळूच म्हणाली. "मला हाक का मारली नाहीत? ते लगेच गेले होते का?"

डावऱ्या टेबलावरची चेन फडक्याने झाकू लागला.

"सांगा भावजी."

"परत गेलो तेव्हाही हाका मारत होता. माणसं आली असती तर त्याने माझं नाव सांगितलं असतं. म्हणून मी थांबलो. तो गप्प होईपर्यंत." त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. "वारा सुटला की मलाही ऐकू येतं, वहिनी."

"करवत?"

"करवत नाही. हाक."

मिस्त्रिणीने पोलीस चौकीला फोन लावला. बाईने आपली चेन उचलली. चेनच्या सांध्यांत अजून पीठ होतं. ते तिने पदराने पुसून काढलं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

बाहेर अंधारून आलं होतं आणि वारा वाढत होता. डावऱ्या खिडकी लावायला उठला.

"राहू दे उघडी," बाई म्हणाली. "तेव्हा त्यांचं कुणी ऐकलं नाही. आज मी ऐकते."