मधलं पान

हे मी लिहिणार नव्हते. आमच्या घरातली गोष्ट आहे आणि आई अजून त्याच घरात राहते. पण यातलं एक अक्षरही खोटं नाही. पटत नसेल तर सोडून द्या. मी स्वतः पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी कुणाचा तापसुद्धा मानत नाही.

२ ऑक्टोबर २०२४. बुधवार. सर्वपित्री अमावास्या.

गांधी जयंतीची सुट्टी होती म्हणून मी घरी होते. आमचं घर कोन गावात, एक्सप्रेसवेच्या बाजूला. घरात दोघीच, आई आणि मी, रंजिता. बाबांना जाऊन सहा वर्षं झालीत. ते उरणच्या तेलाच्या प्लांटमध्ये कंत्राटी कामगार होते. धाकटा भाऊ प्रणित त्याच तेलाच्या कामाचं शिकायला वीस दिवसांपूर्वी स्कॉटलंडला गेला होता. ॲबरडीन नावाच्या शहरात.

तिथे त्याच्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. नवे रस्ते, नवी भाषा, खोलीत एकटा. इकडे आईची अवस्था त्याहून वाईट. रोज दुपारी साडेबाराला, म्हणजे त्याच्या सकाळी आठला, ती व्हिडिओ कॉल लावायची. फोन तांब्याला टेकवायची आणि त्याच्यासमोर चक्क ताट वाढायची.

"डोल्यांनी तरी जेवंल माजा पोर," म्हणायची.

मी हसायचे. त्या दिवशीही हसले, आणि त्याचंच मला आज वाईट वाटतं.

भिंतीला दोन फोटो टेकवलेले होते. डावीकडे बाबा, उजवीकडे आजी. दोघांसमोर केळीची पानं. भात, वडे, लाल भोपळ्याची भाजी, खीर. तेवढ्यात प्रणितचा कॉल आला. आईचे हात पिठाचे होते, म्हणून फोन मी घेतला आणि दोन फोटोंच्या मधे टेकवला. जागा तिथेच होती.

आईने सवयीने फोनसमोरही पान मांडलं.

"त्याला खीर जास्त वाढ," मी म्हणाले, "नाहीतर बाबा पळवतील."

प्रणित हसला. आईही हसली आणि तिने हात जोडून पानांभोवती पाणी फिरवलं.

तिन्ही पानांभोवती.

त्या दिवशी असं पाणी फिरवलेलं पान गेलेल्या माणसाचं असतं. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. लक्षातच आलं नाही. ती तिन्ही पानं गच्चीवर नेऊन कठड्यावर मीच ठेवली, त्याच क्रमाने.

कावळा लगेच आला. बाबांच्या पानाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. आजीच्याही नाही...

मधल्या पानातला वडा उचलला आणि उडाला.

मी खाली आले तेव्हा प्रणित आईला सांगत होता, "काय माहीत गं, पोट एकदम भरलंय. नाश्ता करणार होतो, आता नको वाटतंय. तोंडात वेलचीची चव येतेय."

आई खूश झाली. खिरीतली वेलची मीच कुटली होती.

दुसऱ्या दिवशी प्रणितने गंमत म्हणून सांगितलं, की लायब्ररीचं आपोआप उघडणारं दार त्याच्यासाठी उघडलंच नाही. मागून एक मुलगी आली, तेव्हा उघडलं.

"जेवत जा जरा, मशीनला पण दिसत नाहीस," मी चिडवलं.

मग बस थांबेना. हात करूनही ड्रायव्हर सरळ पुढे जायचा. मग वर्गात सरांनी गट पाडले, त्यात त्याचं नाव नव्हतं. हा हात वर करून उभा, आणि सर त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत होते.

एका संध्याकाळी तो किचनमध्ये बसलेला असताना फ्लॅटमधला मुलगा आला, त्याने पाणी घेतलं, दिवा बंद केला आणि निघून गेला.

"ताई, मी हाय ना गं इथं?" त्याने विचारलं.



आठव्या दिवशी त्याने मला लॅबमध्ये फोन केला. आवाज अगदी खाली गेला होता. भूक लागतच नाही म्हणाला. त्या अमावास्येपासून एक घासही पोटात नव्हता.

"ताई, मी बसलो की बाजूला कुणीतरी येऊन बसतं. पंगतीला बसतात तसं."

"कोण?"

"दिसत नाय. दोघं आहेत. डावीकडं विडीचा वास येतो. उजवीकडं..."

तो थांबला. आणि फोनमधून मला ऐकू आलं.

काचेच्या बांगड्या.

हळूहळू. भात कालवताना वाजतात तशा.

बाबा विडी ओढायचे, बांगड्या आजीच्या. कुठला फोटो कुठल्या बाजूला होता, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. फोनची पाठ त्याच भिंतीला होती. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं.

त्या दिवशी मी अर्ध्यातून सुट्टी घेतली आणि कृष्णाबाईकडे गेले. गावात कुणाचं दिवसकार्य असलं की काय कसं करायचं ते तिलाच विचारतात. तिने सगळं ऐकलं आणि माझा हात घट्ट धरला.

"जित्या पोराचं पान मेलेल्यांच्या पंगतीत मांडलंव तुमी? आता तो जेवाला बसलाय, बाय. त्याला आपल्या आपन उठता येनार नाय. कोनीतरी जित्या मानसानं त्याच्यासमोर बसून, त्याचं नाव घेऊन, एका ताटात जेवाया पायजे. तिथं जाऊन. फोनावर नाय."

"आणि नाही उठला तर?"

 तिने माझा हात आणखी आवळला.

तिथे जायला माझ्याकडे ना व्हिसा, ना वेळ. तिथल्या मराठी मुलांच्या ग्रुपवरून मी एक नंबर मिळवला. मनस्वी, कल्याणची मुलगी. भाऊ आजारी आहे, जेवत नाही, एवढंच तिला सांगितलं. शनिवारी सकाळी डबा घेऊन येते म्हणाली. देव तिचं भलं करो.

तो शनिवार म्हणजे आपला दसरा. दुपारचे साडेतीन. आई खाली स्वयंपाकघरात होती. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी गच्चीवर जाऊन दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर घेतलं.

एका चौकोनात प्रणितचा कॅमेरा. त्याने खोलीचं दार उघडलं. समोर मनस्वी उभी होती, पिवळा रेनकोट घातलेली.

दुसऱ्या चौकोनात मनस्वीचा कॅमेरा. दार उघडलेलं. पलंग, खुर्ची, खिडकी...

खोलीत कुणीच नव्हतं.

"ताई, दार उघडंच आहे, पण तो कुठे गेलाय?" ती विचारत होती.

"मी इथं हाय!" प्रणित ओरडत होता. "ताई, तिला सांग ना, मी इथं हाय!"

त्याचा हुंदका मला ऐकू येत होता. तिला येत नव्हता.

मी तिला हात जोडले. म्हटलं, काही विचारू नकोस, खाली बस, एका ताटात वरणभात काढ, त्याचं नाव घे आणि जेव. तिला राग आला असणार, भीतीही वाटली असणार. पण बसली बिचारी. म्हणाली, "प्रणित, ये, जेव माझ्यासोबत." आणि पहिला घास घेतला.

मग दुसरा.

तिसरा घास घेताना तिचा हात तसाच थांबला.

ताटाच्या पलीकडच्या कडेचा भात... कमी होत होता.

तिने किंकाळी फोडली आणि फोन पडला. मला फक्त छत दिसत होतं. मग दोघांचं रडणं ऐकू आलं. तिचं आणि त्याचं. "दिसला! ताई, दिसला!" ती ओरडत होती.

 आयुष्यात इतकी रडले नव्हते.

तेव्हाच खालून आईचं हसणं ऐकू आलं.

"बस ना रं. आजून दोन वडे घे. इतक्यात कुठं उठतोस?"

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. आई जमिनीवर बसली होती. समोर ताट. चाटूनपुसून रिकामं. मागचं दार उघडं.

"आत्ताच गेला प्रणित," ती म्हणाली. "किती बारीक झालाय गो."

तेव्हापासून तो रोज येतो, असं आई म्हणते; मला कुणी दिसत नाही. तिला डॉक्टरकडे नेलं, मेंदूचा फोटो काढला, रक्त मी स्वतः तपासलं. सगळं नॉर्मल. बाकी सगळं तिला नीट आठवतं, अगदी दूधवाल्याचा नंबरसुद्धा. ताट वाढते आणि ते रिकामं होतं. एकदा मी पाहायला म्हणून समोर बसले, तर ओरडली, "सरक, त्याच्या आंगावर बसशील."

तिकडे प्रणित धडधाकट आहे. जेवतो, परीक्षाही पास झाला. पण आई त्याच्याशी बोलत नाही. स्क्रीनवर त्याचा चेहरा बघते आणि मला विचारते, "कोन हाय गो ह्यो? रोज मला आई म्हनतो."

मी त्याला कधी आई झोपली म्हणते, कधी देवळात गेली म्हणते.

येत्या वीस तारखेला तो घरी येतोय. तिकीट काढलंय. काल फोनवर इतका आनंदात होता...

"ताई, आई येईल ना गं मला घ्यायला विमानतळावर?"

मी हो म्हटलंय.