डावं मडगार्ड

बसा जवळ. आणि तो मोबाइल पालथा ठेव रे, खालून उजेड पडला की तूच भूत दिसतोस.

मी पत्र्याचं काम करायचो, हे तुम्हाला माहीत आहे. ठोकून ठोकून माझे कान गेले. म्हणून तुमचं अर्धं बोलणं मला ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं मी ऐकत नाही. माझ्या शेडला लागूनच पेंटरची शेड. मधे एक पत्रा, तेवढीच भिंत. मी गाडीचे पोचे काढायचो, तो रंग मारायचा. बावीस वर्षं असं चाललं. ही गोष्ट त्याची. त्याने मला ती एकदाच सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. शेवटचं तेवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मे महिन्याची नऊ तारीख. गुरुवार. संध्याकाळी सहाला पेंटर हात धुऊन घरी निघणार, तेवढ्यात त्याचा मेहुणा व्हॅन घेऊन दारात. बायकोचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, दारातून वाकून आत येणारा गडी, पण घरात सगळे त्याला छोट्या म्हणायचे.

"दाजी, एवढं काम करून द्या. सकाळी आठला गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला."

"एका रात्रीत अख्खी गाडी? मी पेंटर आहे रे, जादूगार नाही."

"अख्खी घासत बसू नका हो. नुसता वरून एक हात मारा. चकाकी दिसली की झालं."

पेंटरला ते बोलणं लागलं. आता तुम्हाला वाटतं रंग म्हणजे गन हातात घ्यायची आणि फवारायचं. तसं नसतं. खरं काम त्याच्या आधीचं. जुना रंग पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचा, खड्डे पुट्टीने भरायचे, पुन्हा घासायचे. डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि कुठे काही अडत नाही ना ते बघायचं. मग रंग. घासलं नाही तर नवा रंग धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. पेंटरला हे त्याच्या बाबांनी शिकवलेलं. न घासलेल्या गाडीजवळ ते गन आणू देत नसत.

"घासल्याशिवाय मी रंग मारत नाही. तुला माहीत आहे."

छोट्याने जरा विचार केला. "बरं, बाकीची घासा. पण हे डावं मडगार्ड सोडा. मागे एका खांबाला लागलं होतं, पुट्टी नाजूक आहे. भेग पडलीय तेवढी वरून बुजवा. ताई पण म्हणाली, दाजींना जास्त कामाला लावू नकोस."

बायकोचा निरोप म्हटल्यावर पेंटर हसला. "सोडतो बाबा," म्हणाला. आत सामान आहे म्हणून छोट्याने गाडीला कुलूप लावलं आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला.

ही व्हॅन आधी निळी होती. डिसेंबरात छोट्याने ती परगावी नेऊन पांढरी करून आणली. घरात पेंटर असताना बाहेर कशाला गेलास, असं याने विचारलंही होतं. तर छोट्या म्हणाला, "दाजी, तुम्ही बाबांच्या दुःखात. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार?" पेंटरचे डोळे भरून आले होते तेव्हा. पोरगा किती विचार करतो म्हणून.

बाबांचं सांगतो. म्हातारा पेंटर म्हणजे वल्ली. डब्यांच्या तळाशी उरलेले रंग एकत्र करून त्यांनी आपली सायकल रंगवली होती. हिरवट, पण हिरवा नव्हे. मोरपिशी म्हणावा तर तोही नव्हे. मी विचारलं, "बाबा, काय काय घातलंत यात?" तर म्हणाले, "तुझी अक्कल घालायची राहिली, म्हणून चांगला झाला." तो रंग पुन्हा कुणाला जमला नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

आदल्या नोव्हेंबरात, पहाटे पावणेसहाला, ते त्याच सायकलवरून शेड उघडायला निघाले. वळणावर कुणीतरी उडवलं. उजाडल्यावर सापडले. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर वाचले असते. गाडी सापडली नाही. छोट्या तीन दिवस पेंटरच्या शेजारून हलला नाही. पोलिसांकडे चकरा मारल्या त्या त्यानेच. "सापडू दे तो, दाजी, मी सोडणार नाही त्याला," असं म्हणायचा. माझ्यासमोर म्हणालाय.

असो. त्या रात्री पेंटर कामाला लागला. सगळ्या काचांवर बाहेरून कागद आणि टेप चिकटवली. स्टँडवर एक बल्ब. बॉनेट घासलं, उजवी बाजू घासली, मग स्टुलावर चढून छत. पेपर भिजवायचा, घासायचं, पाणी ओतायचं, तळहात फिरवायचा. रस्ता शांत झाला. शेवटचं कुत्रंसुद्धा भुंकून थकलं.

पाऊण वाजला असेल. तो उजव्या दाराशी उकिडवा बसून घासत होता.

खर्र... खर्र... खर्र...

पलीकडूनही आवाज येत होता. त्याला वाटलं, पत्र्यावरून घुमतोय. त्याने हात थांबवला.

खर्र... खर्र...

आणि मग बंद.

उंदीर असेल. त्याने पुन्हा सुरुवात केली. पलीकडेही सुरू झालं. पण आता त्याच्या लक्षात आलं... लय वेगळी आहे. हा सलग घासत होता. पलीकडे तीन हात, आणि थांबा. तीन हात, आणि थांबा.

बाबांना उतारवयात दम पुरत नसे. तीन हात मारायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा तीन हात.

पेंटरने पेपर खाली ठेवला. आवाज चालूच.

गाडीच्या खालून पाणी वाहत आलं. दुधासारखं पांढरट. घासकामाचं पाणी. ते त्याच्या पायापर्यंत आलं... डाव्या बाजूकडून. तिकडे त्याने थेंबभर पाणी ओतलं नव्हतं.

"कोण आहे?"

आवाज थांबला.

"...बाबा?"

काही नाही.

मग, अगदी हळू... खर्र.

तो उठला. बॉनेटला हात लावत लावत गेला. वळला.

कोणी नव्हतं.

मडगार्ड ओलं होतं. मधोमध घासलेलं. कसं, तर बाबा घासायचे तसं, कडा हळूहळू उतरवत. आधी पांढरा. त्याच्या आत पुट्टीची राखाडी कड. त्याच्या आत जुना निळा. आणि अगदी मधे पत्र्यातला खोल पोचा. ज्याने कुणी ते काम केलं होतं, त्याने घाईत केलं होतं. खाली न घासताच पुट्टी थापली होती. घासलं असतं तर राहिलं नसतं, ते सगळं खाली तसंच राहिलं होतं.

निळ्यावर हिरवा ओरखडा. वीतभर लांब.

हिरवट, पण हिरवा नव्हे.

पेंटर किती वेळ तिथे बसला, त्याला सांगता येत नाही. तळहात त्या रंगावर ठेवून बसला होता, एवढंच म्हणाला. मग त्याने फोन काढला. मेहुण्याला नाही, बायकोला लावला. दुसरं कोण होतं त्याला? ती म्हणेल, अहो, तुमची काहीतरी चूक होतेय. तेवढंच ऐकायचं होतं त्याला.

रात्रीचे पावणेदोन. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"हॅलो..."

याने फोन नुसता कानाला दाबून धरला.

"अहो... बोला ना."



मग तीच म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "...घासलंत का तुम्ही ते?"

ऐकताय ना? याने अजून एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," पेंटर म्हणाला.

पलीकडे खाट करकरली.

"कधीपासून?"

"..."

"कधीपासून, विचारतोय मी."

"त्याच सकाळपासून."

सहा महिने, पोरांनो. सहा महिने ही बाई रोज रात्री नवऱ्याच्या शेजारी बसून म्हणत होती, 'जाऊ द्या आता. सापडायचा असता तर सापडला असता.' आणि हा तिचं ऐकून डोळे पुसत होता. त्याला वाटायचं, सासऱ्यासाठी आपल्याइतकीच रडली ती. रडली होतीच म्हणा. पण कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

"तो माझा भाऊ आहे हो," ती रडायला लागली. "बाबा तर गेलेच होते. मी कुणाला..." मधेच थांबली. "अहो, आता तरी घासू नका ना. तो आवाज थांबवा. मला ऐकवत नाही."

"मी घासत नाहीये."

"..."

"मी दारात उभा आहे. बाहेर. रस्त्यावर."

"मग... ते कोण..."

खर्र... खर्र... खर्र...

फोन कट झाला. त्याने नाही केला.

सकाळी पावणेआठला छोट्या आला. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी बघायला. पेंटर मडगार्डाशी बसलेला. छोट्याने ते बघितलं आणि तिथेच, चिखलात, फतकल मारून बसला. सहा फुटांचा माणूस.

"धुकं होतं, दाजी. दिसलंच नाही."

"उतरला होतास?"

मान हलली. हो.

"ओळखलंस?"

छोट्याने तोंड झाकून घेतलं.

"जिवंत होते?"

...

पेंटरने मधल्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. मी नुकताच शेड उघडून आत आलो होतो. गेलो. "पोलिसांना बोलव," म्हणाला. "मी बोलवलं तर माझा हात त्याच्यावर पडेल."

छोट्याने सगळं कबूल केलं. शिक्षा भोगतोय. वहिनी, म्हणजे पेंटरची बायको, आईकडे गेल्या. मधे एकदा शेडच्या दारात येऊन तासभर उभ्या राहिल्या. पेंटर घासत होता. घासतच राहिला. त्या गेल्यावर मी म्हटलं, "अरे, एक शब्द तरी बोलायचास." तर म्हणाला, "छोट्यावर माझा राग आहे. तो कधीतरी उतरेल. हिच्यावर रागसुद्धा येत नाही. आत काही धरतच नाही."

पण हे सगळं जित्या माणसांचं. मला अजून रात्री जाग येते ती दुसऱ्याच गोष्टीने.

पंचनाम्याला मी पंच होतो. फौजदाराने काचांवरचे कागद काढायला लावले. टेप जशीच्या तशी, कुठे सुटलेली नाही. दारांना कुलूप. किल्ली छोट्याच्या खिशातून निघाली, रात्रभर त्याच्याकडेच होती. फौजदाराने दार उघडलं, ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि वर बघितलं. मग मला म्हणाला, "काका, जरा इकडे या."

समोरचा आतला आरसा. ज्यात निघताना मागे पडलेलं दिसतं, तो.

पूर्ण घासलेला होता. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकसारखा, बारीक हाताने. एक ओरखडा इकडचा तिकडे नाही. मी अगदी जवळ तोंड नेलं. माझं तोंड दिसलं नाही.

बोट लावून बघितलं.

ओला होता.