लहान हाताची मूठ

आमच्या ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचं रिव्हॉल्व्हर कपाटात कुलूपबंद, किल्ली माझ्या कमरेला. अंबडात कुणालाबी विचारा, वामनरावांच्या बायकोची किल्ली सुनेलासुद्धा मिळत न्हाई.

दर दसऱ्याला ते पूजेला पाटावर मांडायचं. विधवा झाल्यापासून मी कुंकवाला हात लावत न्हाई, झेंडूची दोन फुलं तेवढी वाहते. तरी मुठीवर लाल दिसायचं. सुनेला, निवेदिताला, मी फैलावर घेतलं.

"देवाशप्पथ आई, किल्ली तुमच्यापाशी असते."

औंदा दसरा झाला अन् अवधूतनं, माझ्या लेकानं, ते विकायचं काढलं. परवाना आता त्याच्या नावावर. भाव करायला जालन्याहून राजानंद आले. बंदुका दुरुस्त करण्यात केस पिकलेला माणूस. त्यांनी गोळ्यांची चकरी रिकामी असल्याचं पाहिलं, नळीतून उजेड बघितला, नंबरावर भिंग धरलं.

"चीज विलायती, बराबर. पण मूठ मूळची न्हाई, भाव अर्ध्यावर येतो. लहान हातासाठी घासून घेतलीय. बाईच्या. हे बांगड्यांचे ओरखडे."

"या घरात बाई म्हणजे मी," म्हणत मी मूठ धरली. माझी करंगळी बाहेरच राहिली.

हे आठवड्यातून दोनदा शहागडला जायचे, आमच्या ट्रकांवर नजर ठेवायला. डबा दोघांचा बांध म्हणायचे, ड्रायव्हर उपाशी असतो. चाळीस वर्षं बांधला.

"आई, जाऊ दे," अवधूत खाली बघत म्हणाला.

म्हणजे डब्यातला दुसरा वाटा कुणाचा, ते लेकालाबी ठाऊक होतं.

"कुठंय ती?"

"गेली. बाबांच्या आधी."

म्हणजे कुंकू लावून गेली.

राजानंदांनी मुठीवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. परत भिंग धरून ओरखडे बघितले. मंग भिंग पिशवीत टाकलं.

"माय, ओरखडे ताजे हायेत. वापरातली वस्तू मी घेत न्हाई."

चहा न घेताच गेले.

मी पदरानं मूठ खसाखसा पुसली. ताजी दोन फुलं वाहिली. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी उघडलं.

मुठीवरचं कुंकू ओलं होतं.

माझी फुलं खालच्या फळीवर होती, केर लोटावा तशी कोपऱ्यात सारलेली.